पाहुण्याला कामाला लावत नाहीत

मित्रांनो, काम करून माणसं थकतात असं म्हणतात. मी मात्र बसून बसून थकलो. मी एका वाचनालयातला संगणक आहे. नारिन नदीच्या वरच्या अंगाला, जिथे रस्ता संपतो आणि कुरणं सुरू होतात, तिथल्या तालुक्याच्या गावात माझं आयुष्य गेलं. माझी कहाणी गोड नाही आणि ती गोड करून सांगायची माझी इच्छाही नाही. मला राग आला आहे. ऐकायचं असेल तर तो रागही ऐकावा लागेल.

माझा जन्म समुद्राकाठच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. आमच्या गावातल्या कुणीही समुद्र पाहिलेला नाही, त्यामुळे त्याबद्दल मला कधी कुणी विचारलं नाही. दूरच्या एका मदत-संस्थेने मला खेड्यातल्या वाचनालयासाठी भेट म्हणून पाठवलं. आगगाडी, मग मालमोटार, मग बर्फाची खिंड, आणि शेवटी एका मेंढ्यांच्या गाडीत मेंढ्यांबरोबर असा मी आलो. दारात मला उतरवून घेतलं उलकान एजेंनी. एजे म्हणजे मोठी बहीण. आमच्याकडे वाचनालय चालवणाऱ्या बाईला सगळं गाव एजेच म्हणतं.

उलकान एजेंनी माझं खोकं फोडलं आणि त्याच दुपारी मला कामाला जुंपलं. त्यांची बोटं नेहमी पिठाची असायची, कारण घरून बोरसोक, म्हणजे पिठाचे छोटे फुगीर गोळे, तळूनच त्या वाचनालयात येत. माझ्या कळांमध्ये पीठ गेलं, साखर गेली, एकदा तर अख्खा चहा गेला. मी कधी तक्रार केली नाही. काम असलं की सगळं चालतं.

माझं काम काय होतं, ते सांगतो. आमच्या वाचनालयात पुस्तकं थोडी, आणि त्यातली निम्मी अशी जुनी की पान उलटलं की हातात यायचं. पण राजधानीत एक मोठं बोलकं ग्रंथालय होतं. तिथे गोष्टी, इतिहास, गणित, शाळेची सगळी पुस्तकं कुणीतरी मोठ्याने वाचून साठवून ठेवली होती. ते घरच्या फोनवर उघडत नसे. गावोगावच्या वाचनालयांना त्यांनी एकेक खातं दिलेलं होतं, आणि आमच्या वाचनालयाचं खातं फक्त माझ्यावर उघडायचं. तारेच्या या टोकाला मी आणि त्या टोकाला हजारो पुस्तकं. मला त्याचा फार अभिमान वाटायचा.

तुम्हाला ठाऊक असेल, उन्हाळा आला की आमची माणसं मेंढ्या-घोडे घेऊन वर जायलूवर, म्हणजे डोंगरातल्या कुरणांवर जातात, ती थेट गवत पिवळं पडल्यावरच उतरतात. वर ना विजेची तार, ना फोन लागतो; तंबूवरच्या सौरपाटीवर फोन तेवढे चार्ज होतात. मग निघायच्या आधी सगळी मुलं आपापल्या घरचे फोन घेऊन माझ्यापुढे रांग लावायची. उलकान एजे प्रत्येकाच्या फोनमध्ये उन्हाळाभर पुरतील एवढी पुस्तकं भरून द्यायच्या. मेंढ्यांमागे फिरता फिरता पोरं ऐकायची. शरदात खाली आली की वाचनालयात मोठा चहा व्हायचा, आणि जो सगळ्यांत चांगलं ऐकून आला असेल, ज्याला ऐकलेलं सांगता येईल, त्याला एजे तोरवर बसवायच्या. तोर म्हणजे दारासमोरच्या, पलीकडच्या भिंतीजवळची मानाची जागा. तिथे एरवी घरातला सर्वांत मोठा माणूस बसतो. पण त्या दिवशी नाक पुसत असलेलं एखादं शेंबडं पोरगं तिथे बसायचं आणि सरपंचसुद्धा त्याच्या खाली बसायचे.

अशा एका शरदात तोरवर बसली होती कुंदूझ. तेव्हा ती तिसरीत होती. जन्मापासूनच तिची नजर अधू, आणि आता तर पानावरची अक्षरं तिला दिसेनाशी झाली होती. तिचे आईबाप दूर रशियात कामाला. ती राहायची आजीजवळ, बुबुकान आपांजवळ. कुंदूझ माझ्यासमोर बसली की हनुवटी वर करून ऐकायची आणि बोटांनी टेबलावर ठेका धरायची. तिसरीचं गणित वाचणारा माणूस अशा आवाजात वाचायचा की जणू कुस्तीचा निकाल सांगतोय. "सात गुणिले आठ! छप्पन्न!" असं तो गरजला की कुंदूझ खो खो हसायची आणि म्हणायची, "एजे, याला कुणीतरी पाणी द्या." दुसरी आणि तिसरी अशा दोन्ही इयत्ता तिने माझ्याकडून ऐकून पार केल्या. ती माझी सर्वांत चांगली वर्षं होती.

मग उलकान एजेंच्या मुलीला ओशला बाळ झालं आणि एजे नातवाला सांभाळायला निघून गेल्या. त्यांच्या जागी आल्या सायराकूल एजे.

मित्रांनो, सायराकूल एजे वाईट बाई नव्हत्या. त्या वाईट असत्या तर माझा राग सोपा झाला असता. त्यांनी आल्या आल्या खोली झाडली, खिडक्या रंगवल्या, आणि मला पाहून डोळे मोठे केले. "अगं बाई, एवढी महागाची वस्तू आणि दाराशी? पाय लागतील की!" त्यांनी मला ओल्या फडक्याने पुसलं, उचललं, आणि नेऊन ठेवलं कुठे? तोरवर. ज्या जागी मुलं बसायची त्या जागी. माझ्यासाठी त्यांनी स्वतःच्या हाताने भरतकाम करून झालर लावलेलं लाल मखमली पांघरूण शिवलं. ते माझ्या अंगावर घातलं आणि तार भिंतीतून काढून नीट गुंडाळून ठेवली.

कुणी विचारलं तर त्या हसून सांगायच्या, "परदेशाहून आलेला पाहुणा आहे तो. पाहुण्याला कुणी कामाला लावतं का?" आणि ऐकणारा मान डोलवायचा! आमच्याकडे पाहुण्याला बोट उचलू देत नाहीत. त्याच्या वाट्याला उत्तम तुकडा, उत्तम गादी, उत्तम जागा. यात कुणाला काही खटकलं नाही. देव्हाऱ्यात बसवलेल्या देवाला निदान रोज फूल मिळतं. मला धूळही मिळाली नाही, कारण पांघरूण होतं. आतल्या आत मी जळफळत होतो. मानाचं पांघरूण घालून तुम्हाला कधी कुणी गप्प केलं आहे का? नसेल, तर तुम्हाला हा राग कळायचा नाही.

त्या वर्षी कुंदूझ चौथीत होती. शाळेत चौथीचं एक पुस्तक तिघांमध्ये. आपांनी रात्रंदिवस तिला वाचून दाखवावं म्हटलं, तर पुस्तक दोन दिवसांनी दुसऱ्या घरी जायचं, आणि आपांच्या स्वतःच्या डोळ्यांत मोतीबिंदू. वसंतात शाळेच्या मुख्याध्यापकांनी, एसेन आगायांनी, म्हणजे एसेन गुरुजींनी, आपांना बोलावून सांगितलं. शरदात कुंदूझची चौथीच्या पुस्तकांवर तोंडी परीक्षा घेणार. त्यात ती टिकली तर गावच्या शाळेत पाचवीत बसेल. नाही तर तिला राजधानीतल्या अंध मुलांच्या निवासी शाळेत पाठवावं लागेल. शाळा चांगली आहे, सगळेच सांगतात. पण ती एका दिवसाच्या वाटेवर आहे, आणि कुंदूझ आजीच्या पाठीला पाठ लावून झोपणारी मुलगी आहे.

आपा तिला घेऊन वाचनालयात आल्या त्या दिवशी मी पांघरुणाखालून सगळं ऐकत होतो.

"सायराकूल, पोरी, हिला चौथीची पुस्तकं भरून दे. आम्ही पंधरवड्यात वर निघू."

"बसा हो आपा, आधी बसा! चहा टाकते. कुंदूझ, ये गं, हा घे जर्दाळूचा जॅम."

"चहा घरी पण आहे. पुस्तकं घरी नाहीत."

"आपा, राजधानीहून तपासणीची मंडळी यायचीत. तेवढं होऊन जाऊ दे. मी सही करून ताब्यात घेतलाय तो, काही मोडलं-बिडलं तर मी काय सांगू?"

"मोडायला काय, तो काय अंडं आहे?"

"तसं नाही हो. घ्या ना, बोरसोक घ्या. गरम आहेत."

मित्रांनो, त्या दोघींना त्या दिवशी चहा मिळाला, बोरसोक मिळाले, लोणी मिळालं, जॅम मिळाला, जाताना कुंदूझच्या खिशात मूठभर सुके जर्दाळूही मिळाले. एका वाचनालयातून पुस्तक सोडून सगळं काही मिळालं. कुंदूझने निघताना विचारलं, "एजे, तो कुस्तीवाला चौथीचं पण वाचतो का?" सायराकूल एजेंना कुस्तीवाला कोण हेच ठाऊक नव्हतं. त्या नुसत्या हसल्या. मला हात असते तर मी ते पांघरूण टराटरा फाडलं असतं.

तपासणीची मंडळी आली. त्यांच्यासाठी मेंढी कापली होती. जेवून तृप्त होऊन ती वाचनालयात आली आणि सरळ माझ्यासमोर उभी राहिली. एका साहेबांनी पांघरुणाची झालर बोटात धरून पाहिली.

"वा! भरतकाम कुणाचं?"

"माझंच, साहेब."

"आणि हा चालतो ना?"

"अगदी नवा आहे, साहेब. मी आल्यापासून कुणाला हातसुद्धा लावू दिलेला नाही."

"शाबास! काही गावांत वर्षभरात वाट लावतात. असं जपायला पाहिजे."

सगळ्यांनी माझ्यासोबत फोटो काढला. मला कुणी चालू केलं नाही. शाबास म्हणे! ज्या बाईने एका वाचनालयाचं तोंड शिवून टाकलं तिला शाबासकी, आणि उलकान एजेंनी माझ्यावर चहा सांडला म्हणून त्यांची तक्रार झाली होती. त्या दिवसाइतकी तिडीक माझ्या डोक्यात आजवर गेलेली नाही.

दुसऱ्या सकाळी आपा पुन्हा आल्या. सोबत कुंदूझ होती. बाहेर घोडा बांधलेला, त्यावर तंबूच्या काठ्या आणि लोकरीच्या नमद्याच्या गुंडाळ्या. मेंढ्या वरच्या वाटेला लागल्याही होत्या. आपा या वेळी दाराशी थांबल्या नाहीत. चालत चालत सरळ माझ्यापर्यंत आल्या.

"सायराकूल, या खोलीत सगळ्यांत मोठं कोण?"

"तुम्हीच, आपा."

"मग तोरवर कुणी बसायचं?"

आमच्याकडे या प्रश्नाला एकच उत्तर आहे, आणि ते लहान मुलालाही येतं.

"तुम्हीच, आपा. पण..."

"मी शहात्तर वर्षांची. हा खोका माझ्या वर बसलाय. कुणाच्या बापाचा थोरला आहे हा?"

"आपा, तो पाहुणा..."

"पाहुणा तीन दिवसांचा. चौथ्या दिवशी त्याने जळण फोडावं. हा किती दिवसांपासून आपली वीज खातोय?"

"वीज कुठे खातो, आपा. तो तर बंदच असतो."

"म्हणजे पाहुण्याला उपाशी पण ठेवलंस!"

कुंदूझ फिस्सकन हसली. सायराकूल एजे लालेलाल झाल्या. वडीलधाऱ्या बाईने जागा मागितली आणि ती दिली नाही, असं त्या गावात कुणी सांगितलं असतं तर त्यांना बाजारात तोंड दाखवता आलं नसतं. त्यांनी मुकाट्याने मला उचललं आणि दाराजवळच्या बुटक्या टेबलावर आणून ठेवलं. घरची सून जिथे बसून सगळ्यांचा चहा ओतते, ती ही जागा. सर्वांत खालची, आणि जिथून सगळं काम चालतं ती. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! आपा तोरवर बसल्या, मखमली पांघरूण त्यांनी गुडघ्यांवर घेतलं आणि म्हणाल्या, "हं. आता लाव."

तार भिंतीत गेली. माझा पंखा खरखरला. पडदा उजळला. एजेंनी बोलक्या ग्रंथालयाचं दार उघडायला घेतलं. मी तारेवरून हाक मारली. पलीकडून उत्तर आलं आणि मला ते पडद्यावर दाखवावं लागलं. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी पुष्कळ काही दाखवलं आहे, पण ते दाखवताना मला स्वतःची लाज वाटली.

सायराकूल एजे पडद्याकडे बघत राहिल्या.

"काय आहे, एजे?" कुंदूझ म्हणाली. "काय लिहिलंय?"

"काही नाही, बाळा."

"काहीतरी लिहिलेलं असणार. तुम्ही श्वास रोखलाय. वाचा ना मला."

आणि मग सायराकूल एजेंनी तिला वाचून दाखवलं. तिला त्या वाचनालयात वर्षभरात वाचून दाखवलेली ती एकच गोष्ट होती. "आपल्या वाचनालयाने गेले वर्षभर या सेवेचा वापर केलेला नाही. आपल्या गावाला तिची गरज नाही असे समजून आपले खाते बंद करण्यात आले आहे."

गरज नाही! माझ्यासमोर मुलगी उभी होती आणि कागदोपत्री गावाला गरज नव्हती. मला तेव्हा कळलं की माझ्या अंगावरचं ते पांघरूण केवळ पांघरूण नव्हतं. राजधानीत बसलेल्या माणसांना ते गावाचं उत्तर वाटलं होतं.

आपा ओरडल्या नाहीत. त्यांनी पांघरुणाची झालर बोटांनी सरळ केली आणि म्हणाल्या, "तू मान देऊन मारलंस गं याला. आणि याच्याबरोबर हिलाही."

सायराकूल एजे रडू लागल्या. त्याच दिवशी त्यांनी राजधानीला अर्ज केला. पण मेंढ्या अर्जासाठी थांबत नाहीत. वरचं गवत तयार असतं तेव्हाच जावं लागतं. माझ्या पोटात उलकान एजेंच्या काळातलं थोडंबहुत उरलं होतं. तिसरीचं गणित आणि एका लांडग्याची गोष्ट. कुंदूझच्या फोनमध्ये एजेंनी तेवढंच भरलं. कुंदूझने तेही घेतलं. उन्हाळाभर तिने मेंढ्यांमागे सात आठे छप्पन्न ऐकलं, जे तिला झोपेतही येत होतं.

खातं पुन्हा उघडलं ते गवत पिवळं पडून मेंढ्या उतरायला लागल्यावर. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. परीक्षेत एसेन आगायांनी तिला चौथीचा इतिहास विचारला, भूगोल विचारला. आपांच्या तोंडून ऐकलेलं होतं तेवढं तिने सांगितलं. बाकीच्याला ती म्हणाली, "आगाय, हे मला कुणी वाचून दाखवलं नाही." आगायांना ते ऐकून फार वाईट वाटलं असं म्हणतात. वाईट वाटून कुणी पाचवीत बसत नाही.

राजधानीला जाणारी गाडी वाचनालयासमोरूनच सुटते. त्या सकाळी कुंदूझ गाठोडं घेऊन आत आली, चाचपडत माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता चालू आहे ना? मग लावा." सायराकूल एजेंनी चौथीचा भूगोल लावला. तोच कुस्तीवाला! कुंदूझ हसली. "ऐका, अजून पाणी दिलं नाही कुणी." नद्यांचा धडा होता. आमची नारिन कुठून निघते, कुठे वळते, कुणाला मिळते, हे तो गरजून सांगत होता. नारिन खिंडीत शिरली आणि बाहेर गाडीचा भोंगा वाजला. कुंदूझ उठली. तिला पुढचं ऐकायचं होतं, हे मला तिच्या बोटांवरून कळत होतं. पण गाडी सुटते तेव्हा सुटते.

आता सायराकूल एजे मुलांना माझ्यापुढे बसवतात. चुका करतात, पण बसवतात. मी त्यांना माफ केलं आहे का, हे मला विचारू नका.

आणि आपा? त्या रोज येतात. हिमात, चिखलात, काठी टेकत. माझ्यासमोर बसतात आणि चौथीचा भूगोल ऐकतात, मग इतिहास, मग गणित. एकदा सायराकूल एजेंनी न राहवून विचारलं, "आपा, तुम्हाला या वयात हे काय करायचंय हो?"

"मला काय करायचंय? मला नद्या पाठ आहेत. पण कुणीतरी ऐकतंय हे तिकडे दिसायला नको का? नाही तर पुन्हा म्हणतील, गरज नाही."

"मुलं येतात की आता, आपा."

"येतात. सहा येतात. मी सातवी."

म्हणून सांगतो, मित्रांनो. तुमच्याही गावात वाचनालय असेल. त्यात माझ्यासारखा एखादा कोपऱ्यात बसवलेला असेल, त्याला जोडलेली हजारो पुस्तकं असतील, मुलांसाठी सुट्टीतले वाचनाचे उपक्रम असतील, आणि तुम्ही त्याच्या दारावरून रोज शाळेत जात असाल. तुम्हाला दिसतं, म्हणून तुम्हाला घाई वाटत नाही. पण जी वस्तू तुम्ही वापरत नाही, ती दुसऱ्या कुणाच्या तरी हातून निसटते, आणि ज्याच्या हातून निसटते तो तुमच्याएवढाच असतो. आत जा. खातं उघडायला सांगा. कळा दाबा, चुकीच्या दाबा, चहा सांडा. त्यावरून कुणी रागावलं तर माझं नाव सांगा.

बर्फ वितळू लागलं आहे. आपा मेंढ्या मोजू लागल्या आहेत. या उन्हाळ्यात त्या वर जातील आणि माझ्यासमोरची ही जागा रिकामी होईल. तिथे कोण बसणार आहे, ते मी तुम्हाला विचारतो आहे.